एकच होम, दोन लिनक्स: ‘काही होत नाही’ हे खरं नाही

बेळगाव-खानापूरकडच्या आमच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतोय: ‘एकाच मशीनवर उबुंटू आणि फेडोरा टाका, होमचं पार्टिशन दोघांना मिळून एकच द्या. युजरनेम तेच ठेवलं की झालं. सेटिंग दोन्हीकडे आपोआप येतात, जागा वाचते, डेटा सुरक्षित.’ (उबुंटू आणि फेडोरा ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची दोन रूपं. होम म्हणजे तुमच्या फाइली आणि सेटिंग राहतात ते फोल्डर; पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा काढलेला भाग.) इंजिनिअरिंगची पोरं तसंच करतात आणि प्रोजेक्ट जमा करायच्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात.

आधी युजरनेमचं. लिनक्स फाइलचा मालक नावाने ओळखतच नाही, आकड्याने ओळखतो. पहिल्या युजरला दोन्हीकडे १००० मिळतो; पण एकीकडे आधी दुसऱ्या कुणाचं खातं केलेलं असेल तर तुम्ही १००१. परवाच एका मशीनवर फाइलांची यादी काढली, तर मालकाच्या जागी नाव नाहीच, नुसतं १००१. फाइल आपलीच, आणि सेव्ह करायला परवानगी नाही! आकडे जुळवून घ्या, एवढं तरी त्या सल्ल्यात हवं होतं की.

सेटिंग येतात, तशी जातातही. खानापूर तालुक्यातले एक गुरुजी लिब्रेऑफिस या प्रोग्राममध्ये लिहितात. कणकुंबी, जांबोटी, हलशी, येळ्ळूर अशी गावांची नावं लाल रेघ येऊ नये म्हणून त्यांनी एकेक करून शब्दकोशात घातली होती. मुलाने शेजारी दुसरं लिनक्स टाकलं, होम तेच. दोन्हीकडे लिब्रेऑफिसची आवृत्ती वेगळी असली तरी प्रोफाइलचं, म्हणजे त्याच्या सेटिंगचं, फोल्डर ‘४’ याच नावाचं राहतं. त्यामुळे नवी आवृत्ती जिथे लिहिते, तेच जुनी उघडते. एके दिवशी लिब्रेऑफिस उघडेना. कुणीतरी प्रोफाइलच उडवलं, आणि शब्दांची यादी त्यातच होती. फायरफॉक्स ब्राउझर निदान अडवतो तरी: २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून, नव्यात वापरलेलं प्रोफाइल जुन्यात उघडायला गेलं की तो नवीन प्रोफाइल करायला लावतो.

जागेचं म्हणाल तर भार असतो फोटो-व्हिडिओंचा, सेटिंगच्या फायलींचा नाही.

‘डेटा सुरक्षित’ हा मुद्दा सगळ्यात घातक. होमचं पार्टिशन वेगळं असलं की सिस्टिम पुन्हा टाकताना डेटा राहतो, हे बरोबर. पण एक सिस्टिम हायबरनेट करून (म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करून) दुसरी सुरू केलीत तर? पहिलीच्या डोक्यात डिस्कचं जुनंच चित्र असतं. दुसरीने मधे लिहिलेलं तिला ठाऊक नसतं. जागी झाली की ती जुन्या हिशेबानेच लिहीत सुटते आणि फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फाइलांची मांडणी, फाटते. असं पार्टिशन सामायिक असेल तर हायबरनेट बंदच ठेवा आणि बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या.

होम दोघांना वेगवेगळं द्या. सामायिक ठेवायचा तो डेटा: एक वेगळं पार्टिशन करून कागदपत्रं, फोटो, गाणी तिथे ठेवा आणि दोन्ही होममधून त्याला लिंक द्या. मराठी फॉन्टांचं फोल्डरही तिथेच ठेवा, प्रोग्राम ते नुसते वाचतात. गुरुजींच्या मशीनवर आता असंच आहे. गावांची नावं मात्र त्यांना पुन्हा पहिल्यापासून घालावी लागली.