गिरण्या कोणी कोणाला ‘दिल्या’?

‘कापडगिरण्या ही इंग्रजांची देणगी आहे, त्यांनी यंत्रे दिली म्हणून मुंबई उभी राहिली, आपण केवळ नक्कल केली’, अशा आशयाचा मजकूर वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. त्यातला खरा भाग आधी मान्य करतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली आणि १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झालेली गिरणी विलायती यंत्रांवर चालत होती, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्या गिरण्यांतले तंत्रज्ञ लँकेशायरहून, म्हणजे इंग्लंडच्या कापडउद्योगाच्या मुख्य प्रांतातून, येत असत. मात्र याच्या पुढचे जवळजवळ सारे विधान चुकीचे आहे.

‘दिली’ हे क्रियापदच मुळात खोटे आहे. कापसाचे सूत कातणारी यंत्रे देशाबाहेर नेण्यास ब्रिटिश कायद्याने मनाई होती आणि ती १८४३ मध्ये उठली. कुशल कारागिरांच्या परदेशगमनावरील बंदी १८२४ पर्यंत होती. सॅम्युएल स्लेटर हा इंग्रज सूतगिरणी-कारागीर १७८९ मध्ये अमेरिकेला गेला तो यंत्रांची रचना डोक्यात साठवून, आणि तिथल्या सूतगिरण्यांचा पाया त्या आठवणीवर घातला गेला. बंदी उठल्यावर यंत्रे मिळू लागली ती रोख किमतीला, आणि ती किंमत मुंबईत दावर यांच्यासारख्या इथल्या व्यापाऱ्यांच्या भांडवलातून चुकती झाली. अहमदाबादला रणछोडलाल छोटालाल यांची पहिली यंत्रसामग्री वाटेतच समुद्रात नष्ट झाली, तरी त्यांनी पुन्हा मागणी नोंदवली, खंभातच्या बंदरातून बैलगाड्यांवर यंत्रे आणवली आणि १८६१ मध्ये २,५०० चात्यांची (सूत कातणाऱ्या फिरत्या दांड्यांची) गिरणी चालू केली. कोणाची देणगी घेणाऱ्याला एवढे सोसावे लागत नाही.

‘नक्कल’ या आरोपाला उत्तर नागपुरात आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि १८८० च्या दशकात तिथे रिंग पद्धतीच्या चात्या आल्या. लँकेशायरचा जीव तेव्हा म्यूल नावाच्या सूत कातणाऱ्या यंत्रात अडकलेला होता. म्यूलचा लांबलचक गाडा पुढे सरकताना सूत ओढून त्याला पीळ देतो आणि मागे येताना ते गुंडाळतो, म्हणजे ही दोन कामे आळीपाळीने होतात आणि गाडा सांभाळायला कसबी माणूस लागतो. रिंगवर छोटीशी कडी वर्तुळाकार पट्टीवरून फिरत राहते, त्यामुळे पीळ आणि गुंडाळणे अखंड चालते आणि नवशिक्या कामगारालाही ते लवकर जमते. जाडेभरडे सूत आणि नुकतेच गाव सोडून आलेले कामगार यांना कोणते यंत्र सोयीचे, हे नागपूरने स्वतः पारखले. आणि ती पद्धत मूळची अमेरिकेतली होती, लँकेशायरची नव्हे. मला तर हे सगळ्या वादातले सर्वात बोलके उदाहरण वाटते.

आणि ज्यांच्याकडून आपण घेतले, त्यांनी तरी सारे स्वतः शोधले होते का? इंग्लंडमधील डर्बीची १७२१ च्या सुमारास पूर्ण झालेली रेशीमगिरणी इटलीतील यंत्रांवरून उभारलेली होती. भारतीय छिटांची (छापील सुती कापडांची) गोडी इंग्लंडला एवढी लागली, की तिथल्या विणकरांच्या दबावामुळे १७०० आणि १७२१ मध्ये त्यांविरुद्ध कायदे करावे लागले, आणि तशी छपाई स्वतःला जमावी म्हणून युरोपातले कारागीर पुढे खटपट करत राहिले.

राहिला इंग्रज राज्यकर्त्यांनी इथल्या गिरण्यांना आश्रय दिला का, हा मुद्दा. लँकेशायरच्या दबावाखाली आयात कापडावरील जकात १८८२ मध्ये रद्द झाली. ती महसुलासाठी १८९४ मध्ये पुन्हा बसवावी लागली, तेव्हा भारतीय गिरण्यांच्या मालावरही अबकारी कर (देशातल्या उत्पादनावरचा कर) आला. १८९६ पासून इथल्या गिरणीत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के कर आकारला गेला, आणि तो थांबायला १९२५ चा डिसेंबर उजाडावा लागला.