एक गुंडा जास्तीचा

काल दिवाण उघडला. तळाशी जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली मोरपंखी लोकर काढली आणि गुंडा हातात घेताच धाग्याचे वीत-वीतभर तुकडे मांडीवर पडले. कसर. एक-दोन नाही, आठही गुंड्यांना. खरी मेंढीची लोकर होती ती, बारा वर्षांपूर्वी आमच्या ग्वाल्हेरच्या मेळ्यातून घेतलेली. शेजारच्या पिशवीतल्या अॅक्रिलिकला ढिम्म काही झालेलं नाही, कारण कसरीच्या अळीला खरी लोकरच लागते. मी तशीच जमिनीवर बसून राहिले.

घरातून लगेच ऐकू आलं, "एवढी घेऊन ठेवतेसच कशाला?" हे मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. आज त्याचं नीट उत्तर द्यावंसं वाटतंय.

लोकर वाण्याच्या तांदळासारखी नसते, की संपली आणि पुन्हा आणली. प्रत्येक गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉट नंबर असतो, म्हणजे ती लोकर कोणत्या खेपेला रंगवली त्याचा. रंग तोच, कंपनी तीच, पण लॉट बदलला की छटा बदलते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते कळत नाही, अंगणात उन्हात धरलं की कळतं. मुलाच्या शाळेच्या निळ्या स्वेटरला मी मोजून चारशे ग्रॅम आणली होती. डावी बाही निम्मी झाली आणि लोकर संपली. बाड्यावरच्या, म्हणजे इथल्या मुख्य बाजारातल्या, चार दुकानांत फिरले, तो लॉट कुठेच नाही. शेवटी मिळाली ती लावली, आणि कोपरापासून खाली बाही सरळ सरळ गडद दिसायला लागली. दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या, अशी आधीपासून मिसळत आणली असती तर फरक विरून गेला असता. पण लोकर संपल्यावर मिसळणार काय? पोरगं दोन थंड्या तो स्वेटर ब्लेझरच्या आत घालून गेलं. तेव्हापासून मी एक गुंडा जास्तीचाच घेते, आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकीला तेच सांगते.

(आमच्या ग्वाल्हेरकडच्या मराठीत लोकरीला सर्रास 'ऊन' म्हणतात. पुण्याच्या नणंदेला पहिल्यांदा "ऊन दिवाणात ठेवलंय" म्हटलं, तेव्हा ती खिडकीकडे बघत राहिली होती.)

शिवाय इथली थंडी! जानेवारीत पारा पाचाच्या खाली जातो, विणकाम हा आमच्याकडे नुसता छंद नव्हता कधी. सासूबाई जुना स्वेटर उसवायच्या, त्याची लडी करून धुवायच्या आणि धाग्याचे वळसे सरळ व्हावेत म्हणून खाली वजन बांधून वाळत घालायच्या. मग मी दोन्ही हात पुढे करून बसायचे, त्या माझ्या हातांवरून गुंडा गुंडाळायच्या. एकच लोकर आधी सासऱ्यांच्या अंगात, मग दिरांच्या, शेवटी पायमोज्यांत. अशा घरात वाढलेला हात उरलेला गुंडा टाकून देईल कसा?

तरीही काल जे झालं त्यात चूक माझीच आहे, आणि ती जास्त घेण्याची नाही. चांगली लोकर 'खास' म्हणून तळाशी ठेवली आणि बारा वर्षं साध्यावर काम भागवलं, ती चूक. दरवर्षी डिसेंबर उजाडला की मेळ्यात जायचं (१९०५ साली माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केलेला हा मेळा, आमच्या घरात चार पिढ्या त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतात), नवी लोकर आणायची आणि ती जुन्या लोकरीच्या वर ठेवायची. खालचीला ना हवा, ना ऊन.

मैत्रिणींनो, आजच दिवाण, ट्रंका, पेट्या उपसा. सगळी लोकर दिवसभर गच्चीवर पसरा, झटका, कडुनिंबाचा पाला घाला. आणि त्यातली सगळ्यात मऊ, सगळ्यात महागाची जी असेल, ती सुयांवर सर्वांत आधी चढवा.

मी काल रात्रीच टाके घातले. दुसऱ्या पिशवीतली मरून रंगाची लोकर, तीही खरीच, अजून शाबूत. सासूबाईंसाठी बिनबाह्यांची बंडी. दहा नंबरच्या सुयांवर पट्टी झाली, आता आठ नंबर घेतल्यात. त्या जवळ बसून धागा बोटांत घेऊन बघत होत्या, म्हणाल्या, "ही कधी आणली होतीस गं?"