पिसवेचं अर्धं अंग

मला जंगलात जायची हौस नाही. पण जंगलाबद्दल दोनशे वर्षांपूर्वी कोणी काय लिहून ठेवलंय, ते हुडकायची खाज भारी. त्यातही सगळे वाचतात ते नको. डार्विनचं सजीवांच्या उत्पत्तीवरचं पुस्तक कुठेही मिळतं. मला हवं ते त्याचं १८८१ सालचं गांडुळांवरचं. गांडुळांना ऐकू येतं का हे तपासायला त्यानं घरात त्यांच्यापुढे शिट्टी फुंकवली, बासून वाजवून घेतलं, पियानोसुद्धा. गांडुळं ढिम्म. कुंड्या थेट पियानोवर ठेवून सूर वाजवला, तेव्हा मात्र थरथरीनं घाबरून ती बिळात पळाली. असलं काही वाचलं की माणूस कामाचा राहत नाही.

आता सगळं इंटरनेटवर फुकट आहे, असं लोक सांगतात. आहेच. निसर्गावरची जुनी पुस्तकं स्कॅन करून फुकट ठेवणाऱ्या ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ला मी मनातल्या मनात रोज नमस्कार करतो. पण प्रत्येक स्कॅन करणारा तितका सोशिक नसतो. रॉबर्ट हूकनं १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून पाहून पिसवेचं भलंमोठं चित्र छापलं, इतकं मोठं की पुस्तकात घडी घालूनच बसवावं लागलं. मला सापडलेल्या प्रतीत घडी उलगडायचा कंटाळा केलेला. अर्धी पिसू, शेजारी कोणाचा तरी अंगठा. अंगठा मात्र सुस्पष्ट, रेषांसकट.

शोधायचं म्हटलं तर वेगळीच गंमत. १८००च्या आधीच्या इंग्रजी छपाईत शब्दातला ‘एस’ बऱ्याचदा ‘एफ’सारखा दिसतो, आणि संगणक तो ‘एफ’च समजतो. त्यामुळे सील हवा असेल तर ‘फील’ शोधा, सर्प हवा असेल तर ‘फर्पंट’. शिवाय प्राण्यांची शास्त्रीय नावं मधल्या काळात इतकी बदललीत की कोण कोणाच्या घरी गेलं, याचा पत्ता लागत नाही.

मग छापील प्रत. विक्रेत्यांची भाषा फार शालीन असते. ‘वयोमानानुसार डाग’ म्हणजे पानं बिबट्यासारखी. ‘किंचित कीड’ म्हणजे भुंगेऱ्याची अळी पहिल्या प्रकरणातून शिरून सूचीतून बाहेर पडलेली. निसर्गावरच्या पुस्तकात खुद्द निसर्गच राहायला आलेला. ‘चित्रे नाहीत’ म्हणजे कोणीतरी ती कापून चौकटीत घालून विकलीत.

वाईट याचं वाटतं की हीच पुस्तकं एके काळी कोणाला नको होती. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेनं १६८६ साली फ्रान्सिस विलबीचा माशांवरचा लॅटिन ग्रंथ थाटात छापला, तो खपला नाही आणि तिजोरीत खडखडाट झाला. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथाच्या छपाईला पैसे उरले नाहीत, ते सोसायटीतच नोकरीला असलेल्या एडमंड हॅलीनं स्वतःच्या खिशातून घातले. आणि सोसायटीनं त्याला पगार काय दिला? त्याच माशांच्या न खपलेल्या प्रती! पगाराच्या जागी मासे मिळालेल्या त्या माणसाचा मला मनापासून हेवा वाटतो.

अखेर बेडकांवरचं एक जुनं पुस्तक हाती लागलं. डाग नाहीत, कीड नाही, चित्रं जागच्या जागी. उघडून पाहतो तर पानांच्या कडाच कापलेल्या नाहीत, पानं घडीत एकमेकांना जोडलेलीच. छापल्यापासून ते कोणी वाचलेलंच नाही. कडा कापल्या तर संग्राहक नाक मुरडतात, नाही कापल्या तर वाचायचं कसं? सध्या दोन पानांच्या फटीत एक डोळा घालून मी बेडूक वाचतोय. मागच्या पायापर्यंत पोचलो आहे.