तुमचं सगळं वाचतो हं मी

सांगलीत नाटक करणाऱ्यांची कधी कमतरता नव्हती, बघणाऱ्यांचीही नव्हती, सगळा घोळ आहे तो मधल्या माणसाचा, ज्याला हल्ली 'सोशल मीडिया बघणारा' म्हणतात. आमच्या हौशी ग्रुपात तो मी. निवड कशी झाली, तर दिग्दर्शक सरांनी मीटिंगमध्ये विचारलं, फेसबुकवर कोण कोण ॲक्टिव्ह आहे रे, आणि जे खरंच ॲक्टिव्ह होते ते सगळे एकदम खाली मान घालून मोबाईलमध्ये बघायला लागले. मी तेवढा मान वर करून बसलेलो. त्याआधी मी लाईट बघायचो. लाईटचं एक बरं असतं, बटण दाबलं की लागतो.

आता हे गाव कुठलं, तर नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते इथंच, ५ नोव्हेंबर १८४३ ला, म्हणून तर त्या तारखेला मराठी रंगभूमी दिन असतो. पण भाव्यांना रीचचं, म्हणजे आपलं किती जणांपर्यंत पोचतंय याचं, टेन्शन नव्हतं हो. नाटक करा म्हणून सांगणारे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन, आणि स्वतः राजेसाहेब बघायला बसणार म्हटल्यावर बाकीच्यांची काय बिशाद घरी थांबायची. राजाश्रय आम्हालाही आहे म्हणा, फक्त आमचा राजा कॅलिफोर्नियात बसतो आणि आमची पोस्ट कुणाला दाखवायची, किती जणांना दाखवायची हे तो आम्हाला न विचारता ठरवतो.

तर पहिली पोस्ट मी जीव ओतून लिहिली. नाटक दोन भावांच्या वाटणीवर आहे, जुना वाडा, मधे भिंत घालायची की नाही, वगैरे. मी त्यात माणसामाणसांतल्या भिंतींवर लिहिलं, एकटेपणावर लिहिलं, शेवटी तारीख आणि तिकिटाचा नंबर टाकला आणि रात्री झोपलो. सकाळी उठून बघतो तर लाईक कुणाचे, तर नाटकात काम करणाऱ्यांचे. त्यातही धाकट्या भावाचं काम करणाऱ्यानं केलेला नव्हता, कारण पोस्टमध्ये त्याचं नाव थोरल्याच्या नंतर आलेलं.

त्याच आठवड्यात मारुती चौकात भाजी घेताना एक ओळखीचे गृहस्थ भेटले. रिटायर्ड आहेत, मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करून बघत होते. मला बघितल्यावर म्हणाले, "काय ओ, तुमचं सगळं वाचतो हं मी. लिहिता छान."

मी म्हटलं, "मग लाईक दिसत नाही तुमचा कधी."

"लाईक नाय करत मी. वाचतो फक्त."

हा एक स्वतंत्र पंथ आहे, आणि सांगलीत त्याचं मुख्य पीठ असावं असा मला दाट संशय आहे. हे लोक सगळं वाचतात, कोण कुठं ट्रिपला गेलं, कुणाच्या मुलाला किती टक्के पडले, कुणी गाडी घेतली, सगळं यांना पाठ, पण अंगठा म्हणून वर होत नाही. जणू लाईक केला की सही केल्यासारखं होतंय आणि उद्या कुणी जामीन राहा म्हणून दारात येईल. आमचे सासरेबुवाही त्यातलेच. ते पोस्ट वाचून मला फोन करतात आणि फोनवर छान म्हणतात.

पुतण्याला ही तक्रार सांगितली तर तो म्हणाला, काका टेन्शन घेऊ नका, लाईक नसला तरी चालतंय, माणूस पोस्टवर किती वेळ थांबला तेही मोजतात, फेसबुकनं २०१५ मध्येच जाहीर केलंय तसं. मला इतका आनंद झाला की पुढच्या वेळी ते गृहस्थ भेटल्यावर मी आधी नमस्कार केला आणि मग विचारलं, पोस्ट पूर्ण वाचता ना?

"पूर्ण नाय ओ. वरच्या तीन ओळी. पुढं ते 'आणखी पाहा' येतंय बघा, ते दाबत नाय मी. काय तरी व्हायचं, पैसे जायचे खात्यातनं."

मी इतका मोठा एकटेपणा लिहिलेला, तो सगळा 'आणखी पाहा'च्या पलीकडं.

मग पुतण्याला रीतसर गुरू केला. गुरू एकोणीस वर्षांचा, गुरुदक्षिणा म्हणून वडापाव घेतो. त्यानं मला जे काही समजावलं त्यातलं मला कळलेलं असं, की पोस्ट टाकली म्हणजे ती सगळ्या मित्रांना दिसते ही आपली अंधश्रद्धा आहे. समजा पंगत बसलीय, वाढपी जिलबीचं ताट घेऊन आधी चार पानांवर वाढून बघतो, त्यांनी बोटं चाटली तर पुढं सरकतो आणि त्यांनी पानावर आडवा हात धरला की ताट परत भटारखान्यात. आमच्या जिलबीला पहिल्या चार पानांवर बसलेले कोण, तर मेव्हणा, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि दोन 'नुसतं वाचणारे'.

"आणि काका, तुम्ही खाली 'लाईक करा, शेअर करा, मित्रांना टॅग करा' असं लिहिलंय ना, ते काढा पहिलं. फेसबुक २०१७ पासनं असल्या पोस्टी खाली ढकलतंय." म्हणजे बघा, जे मागायचं तेच मागायचं नाही. तिकिटाची लिंक पोस्टमध्ये टाकू नका, पहिल्या कमेंटमध्ये टाका म्हणाला, का तर लिंक बघून लोक ॲपच्या बाहेर जातात आणि ॲपला ते आवडत नाही. सासू नांदवते तशातली गत आहे ही, माहेरचं नाव काढायचं नाही. हॅशटॅगचं सरांनी मनावर घेतलेलं, त्यांनी स्वतः '#आमचं नाटक' असं टाकलं, मधे जागा सोडून, आणि हॅशटॅग जागा आली की तुटतो, त्यामुळं दाबलं की नाटक राहिलं बाजूला, नुसतं 'आमचं' उघडायचं. आमचं मांजर, आमचं शेत, आमचं ठरलंय.

एवढं करूनही पुतण्याचं मत एकच, की काका, विषय हार्ड करायचा आसंल तर रील पायजे. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं इथं रील आणलं, तेव्हापासनं लोक वाचायचे थांबलेत. आणि इन्स्टाग्रामचे मुख्य आहेत ना, ॲडम मोसेरी, ते स्वतः सांगतात की किती वेळ बघितलं, किती लाईक आले आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं, हे महत्त्वाचं. म्हणून मग त्यानं तालमीचं शूटिंग केलं. थोरला भाऊ भिंतीला डोकं टेकवून रडतो तो प्रसंग, सगळं वातावरण भारलेलं, आणि थोरल्याला नेमकं वाक्य आठवेना. आमच्या प्रॉम्प्टर काकूंचा आवाज म्हणजे काय सांगू, विंगेतनं खणखणीत "आबा असते तर!" आलं. थोरला गप्प. काकू परत, "आबा असते तर!" थोरला तसाच. तिसऱ्या वेळी काकूंनीच पूर्ण वाक्य म्हणून टाकलं, हुंदक्यासकट. रील तेवढंच चाललं. खाली कमेंटी काय, तर मेन रोल काकूंना द्या. सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत आणि काकू तालमीला काठापदराची साडी नेसून यायला लागल्या.

मधे मी पैसे देऊन पोस्ट बूस्ट करायचा प्रस्ताव मांडला. आमचे खजिनदार अण्णा, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "परदेशात पैसे पाठवायचे? त्यापेक्षा भडंग वाटू या तिकिटाबरोबर. नायतर रिक्षा लाव की भोंग्याची. रिक्षा दारात जाती, गल्लीबोळात जाती, माणूस आंघोळीला बसला तरी त्याला ऐकू येतंय. तुझं ते आंघोळीला ऐकू येतंय का?" प्रस्ताव बारगळला. रिक्षा पास झाली. खोटं कशाला बोलू, आंघोळीचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही.

राहता राहिलं व्हॉट्सॲप. तिथं माझी महत्त्वाकांक्षा लहान होती, मला फक्त डबल बाण पाहिजे होता. म्हणजे मेसेज पाच-पाच हात फिरला की त्यावर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं येतं ना, दोन बाण, ते. २०२० पासनं असला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, म्हणजे कंपनीलाच त्याची भीती वाटते, एवढा तो फिरलेला असतो. हळद-दुधाचे फायदे डबल बाणानं येतात. कुणाचा तरी हरवलेला आणि केव्हाच सापडलेला पोरगा डबल बाणानं येतो. आमचं पोस्टर मी ज्याला पाठवलं त्याच्याकडं राहायला गेल्यासारखं राहायचं.

आणि मग ऑगस्ट लागला.

सांगलीबाहेरच्यांना सांगायला पाहिजे, इथं पावसाळ्यात माणसं सकाळी उठून देवाच्या आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे इथं शाळेत न जाता येतं. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलेलं, ज्यांच्या घरात पाणी शिरलं ते अजून फ्रिज पहिल्या मजल्यावर ठेवतात. त्यामुळं 'आयर्विन ३० फूट' एवढंच लिहिलं तरी त्याला जे शेअर पडतात ते बघून मला लिहिण्याचाच कंटाळा यायचा. ना हुक, ना हॅशटॅग, ना भावना. एक आकडा.

पुतण्या म्हणाला, काका, लोकल कनेक्ट पायजे, पुलावर फोटोशूट करू. पाणी ओसरतीला होतं, पाऊस उघडलेला, काही भीती नव्हती. दोघं भाऊ काठावर पाठीला पाठ लावून उभे, दोघांच्या बरोब्बर मधे मागं पुलाचा दगडी खांब, म्हणजे मधली भिंतच जणू, सरांना पण आवडला फोटो. खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले असतात ते फोटोत स्वच्छ आले. वर नाटकाचं नाव, खाली तारीख, वार, वेळ. टाकला.

तासाभरात फोन गरम. कमेंटींवर कमेंटी. मी चहा ओतायचा थांबवून वाचायला लागलो. "हा कधीचा फोटो?" "सकाळचा दिसतोय." "सकाळी ३२ होतं, हे ३१ आहे, उतरतंय." "उतरत नाय, कोयनेतनं सोडलंय, रात्रीपर्यंत चढणार." "कोयनेचं राहू दे, अलमट्टीतनं किती सोडलंय ते सांगा." अलमट्टी, म्हणजे खाली कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण, निघालं म्हणजे संपलं, मग दोन इंजिनिअर आणि एक माजी सरपंच यांच्यात बॅकवॉटरवरनं, म्हणजे धरणामागं तुंबणाऱ्या पाण्यावरनं, जुंपली, ती रात्री दोनपर्यंत. क्युसेक, टीएमसी असली पाण्याची मापं, कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, सगळं आलं. पुढच्यांनी मागच्यांची बाजू घेतली. नाटकाबद्दल एकानं विचारलं, मी धावत गेलो बघायला, तर विचारलेलं असं, "ती दोन माणसं जरा बाजूला झाली असती तर खालचा आकडा दिसला असता."

आयुष्यात एवढा रीच मला मिळाला नव्हता. पुतण्या नाद खुळा, नाद खुळा करत नाचत होता. धाकट्या भावानंही लाईक केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याच्या मावशीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. वर दोन बाण. 'अनेकदा फॉरवर्ड केलेला'. खाली आमचाच फोटो, पण कुणीतरी व्यवस्थित कापलेला, डावीकडनं थोरला गेलेला, उजवीकडनं धाकटा गेलेला, वरनं नाव आणि खालनं तारीख गेलेली, मधे नुसता खांब. मावशीनं त्याखाली लिहिलेलं, "सामान माळ्यावर टाका रे. गॅसची टाकी विसरू नका."

प्रयोगाच्या दिवशी पाणी चांगलं उतरलेलं, ऊन पडलेलं. भाव्यांच्याच नावाच्या नाट्यगृहात निम्म्याच्या वर खुर्च्या भरल्या, अण्णा दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, रिक्षा ऐकून आला ना? आणि माझ्याकडं बघत होते. ते मेथीवाले गृहस्थही आलेले, पुढच्या रांगेत, सहकुटुंब. मला विंगेत बोलावून घेऊन सरांनी अनाउन्समेंटचा कागद हातात दिला, काकू मागनं प्रॉम्प्टिंग करत होत्या, तिसरी घंटा झाली आणि मी माईकवर म्हटलं, रसिकहो, कृपया सर्वांनी आपापले मोबाईल बंद करावेत.

"दोन मिनिटं थांबा ओ," मागनं आवाज आला, "पाणी किती झालंय तेवढं बघून करतो."