मु. पो. क्रिप्टन, ता. यावल

यावल-रावेरकडचं गाव सोडून तुम्ही पुण्यात स्थिरावलात. हप्त्याचा फ्लॅट झाला, गाडी झाली. आता चारचौघांत 'मूळचे कुठले?' असं कोणी विचारलं की सांगायला एक व्यवस्थित मूळ गाव हवं. जे खरोखर आहे ते कामाचं नाही. ते दर दिवाळीला वेगळंच निघतं, शिवाय तिथे तुम्हाला ओळखणारी माणसं राहतात. तेव्हा या धंद्यातल्या मुरलेल्या लोकांकडून शिका. सुपरमॅनच्या कॉमिकवाल्यांनी एकाच मूळ गावावर ऐंशीहून जास्त वर्षं हात फिरवलाय.

सुरुवात मोघम ठेवावी. १९३८ च्या पहिल्या गोष्टीत सुपरमॅनच्या मूळ ग्रहाला नावसुद्धा नव्हतं. एक दूरचा ग्रह म्हातारपणाने संपला, बाळ तेवढं यानातून निसटलं, बस. 'क्रिप्टन' हे नाव आलं पुढच्या वर्षी, वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत. तुम्हीही आधी 'जळगावकडचा' एवढंच म्हणा. फैजपूर की चोपडा, ते समोरचा कोण आहे ते बघून.

मग तुमच्या कर्तबगारीचं श्रेय कोणाचं, ते ठरवा. सुरुवातीच्या क्रिप्टनवर सगळेच धट्टेकट्टे होते, ताकद मातीतच होती. ही आवृत्ती गावच्या सत्कारात वापरावी: 'आपल्या तापीचं पाणीच तसं.' १९६० च्या सुमारास मात्र ठरलं की तिकडची माणसं साधीच, तिकडचा सूर्य लाल आणि मंद. बळ येतं ते पृथ्वीच्या पिवळ्या सूर्याखाली आल्यावर. ही आवृत्ती पुण्यातल्या ऑफिसात बरी. (पिवळ्या सूर्याने खरंच बळ येत असतं तर मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर उभा असलेला प्रत्येक जण उडत नागपूरला गेला असता. तिथे पारा पंचेचाळीसच्या वर गेला तरी लोक गाडीची वाटच बघत बसतात.)

खरं कौशल्य लागतं ते गावाचं वाटोळं का झालं हे सांगताना. क्रिप्टनचं कारण आधी म्हातारपण. पुढे ग्रहाच्या गाभ्यातला स्फोट. १९८६ नंतरच्या आवृत्तीत एका जुन्या युद्धातल्या शस्त्राने तो गाभा पेटवून ठेवलेला निघाला. २०१३ च्या सिनेमात लोकांनीच ऊर्जेसाठी गाभा उपसला. २०१८ मध्ये रोगोल झार नावाचा एक धिप्पाड खलनायक उगवला आणि 'ते मीच केलं' म्हणाला. ग्रह एकच, फुटला एकदाच, आणि आरोपी दर पिढीला नवा. आपल्याकडे केळीची बाग आडवी झाली की पंचनाम्याला आलेला माणूस बांधावर उभा राहून विचारतो, 'वाऱ्याने पडली का रोगाने?' आणि शेतकरी आधी विमा कशावर मिळतो ते विचारून घेतो. तुम्हीही तसंच करा. उपसा झाला म्हणायचं, की सरकारने लक्ष दिलं नाही, की केळीवर कुकुंबर मोझॅक रोग आला, की तरुण पोरं निघून गेली? शेवटचं शक्यतो टाळा. त्यात तुम्ही येता.

घराण्यात एक जॉर-एल हवाच. ग्रह फुटणार हे ज्याने आधी ओळखलं, विज्ञान परिषदेला सांगितलं आणि ज्याचं कोणी ऐकलं नाही, तो सुपरमॅनचा बाप. तुमचे आजोबा ग्रामसभेत तोंड उघडत नसत ही किरकोळ अडचण आहे. १९७२ च्या दुष्काळाआधी त्यांनी इशारा दिला होता, असं लिहून टाका.

आवृत्त्या बदलल्या म्हणून मन खाऊ देऊ नका. शासनही तेच करतं. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, महाराष्ट्र झाल्यावर पूर्वेचा जळगाव झाला आणि पश्चिमेचा धुळे, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. नंदुरबारात आयुष्यभर एकाच ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याचे तीन जिल्हे झाले. त्याला कोणी विचारलं नव्हतं, क्रिप्टनलाही विचारत नाहीत.

आता नातेवाईक. पन्नासच्या दशकात सुपरमॅन एकटा पडला म्हणून कॉमिकवाल्यांनी एकेक वाचलेला सापडवायला सुरुवात केली. १९५५ मध्ये क्रिप्टो नावाचा कुत्रा, १९५९ मध्ये चुलत बहीण सुपरगर्ल, त्याच वर्षी एक माकडसुद्धा. शेवटी गर्दी एवढी झाली की ग्रह फुटला होता की नुसता रिकामा केला होता, तेच कळेना. मग १९८६ मध्ये लेखक-चित्रकार जॉन बर्न यांनी सफाई केली. क्रिप्टन थंडगार, कोरडा, माणसाला माणूस शिवत नाही असा करून टाकला. बाळ गर्भकोशातून पाठवलं, म्हणजे जन्म पृथ्वीवरच. आणि वाचलेला एकटाच. हे नीट वाचा, कारण सातबाऱ्याचं सगळं शास्त्र यात आहे. लग्नात आहेर घ्यायचे तेव्हा साठच्या दशकातली आवृत्ती, कुत्र्यासकट सगळे आपले. वारस नोंदीची वेळ आली की बर्न. 'जन्म पुण्याचाच' हे वाक्यही त्यांच्याच आवृत्तीत शोभतं.

गाव आठवलंच तर कँडोरसारखं आठवावं. कँडोर हे क्रिप्टनचं शहर. ब्रेनिॲक नावाच्या खलनायकाने ते आकसवून बाटलीत भरलं (१९५८) आणि सुपरमॅनने ती बाटली आपल्या किल्ल्यात जपून ठेवली. पुण्यातला खान्देशी महोत्सव याच मापाचा असतो: तीन दिवस, वीस स्टॉल, शेवभाजी, कळण्याची भाकरी, स्टेजवर अहिराणी गाणं, निवेदन शुद्ध मराठीत. बाटलीचं बूच मात्र काढू नये. २००८ नंतरच्या कथेत कँडोरचे लाखभर लोक पूर्ण आकारात बाहेर आले, त्यांनी सूर्याच्या पलीकडे आपला नवा ग्रह थाटला, आणि २०१० पर्यंत पृथ्वीशी युद्ध होऊन तोही उडाला. जपलेली माणसं खरोखर राहायला आली की असंच होतं.

पत्ता अधूनमधून शास्त्रीय करून घ्यावा. २०१२ मध्ये नील डिग्रास टायसन या खगोलशास्त्रज्ञाने क्रिप्टनला एक खरा तारा नेमून दिला: एलएचएस २५२०, कॉर्व्हस तारकासमूहात. कॉर्व्हस म्हणजे आपलं हस्त नक्षत्र. ऐन फुटलेला कापूस भिजवणारा पाऊस त्याच नक्षत्राच्या नावाने पडतो, त्यामुळे खान्देशाला क्रिप्टनचा राग यायला एक रीतसर कारणही आहे.

एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. क्रिप्टन फुटलाय. तिथून उठून कोणी म्हणत नाही की आमच्याकडे कधी स्फटिकांचे महाल नव्हते, ते १९७८ च्या सिनेमाने आणले. तुमच्या गावाला मात्र अजून एसटी जाते. तुम्ही सोसायटीत सांगता की काकू अजून अंगणात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजते, लाकडी बडगीत भरीत ठेचते. नेमका त्याच वेळी तिचा व्हिडिओ कॉल येतो, मागे ओट्यावर मिक्सर, आणि ती सगळ्यांसमोर म्हणते, 'आरे भाऊ, काड्या आनते कोन आता? गॅसवर जाळी ठेवली, झालं काम. तू कव्हा येऊन राह्यला, ते सांग. सही पाहिजे तुही, वाटणीच्या कागदावर.'

यावरही तोडगा झालेला आहे. १९८५ मध्ये सुपरगर्लला आधी वीरमरण दिलं आणि पुढच्या आवृत्तीत ती कधी नव्हतीच असं ठरवलं. काकूचंही तसंच करता येईल. फक्त घाई नको. आधी यंदाच्या ज्वारीच्या बिबड्या येऊ द्या.