आंबा पाण्यात टाकून कार्बाईड कळत नाही

गुढीपाडवा जवळ आला की एक मेसेज दरवर्षी नव्या जोमाने फिरू लागतो. वर लाल अक्षरांत 'सावधान', खाली जोडलेले हात आणि मधे दाव्यांची रांग. बाजारातला सगळा आंबा कार्बाईडने पिकवलेला असतो. एथिलीन म्हणजे त्याचंच सभ्य नाव. आंबा पाण्यात तरंगला तर विषारी, बुडला तर नैसर्गिक. सालीवर पांढरट थर दिसला तर फेकून द्या. आतून पांढरा निघाला तर केमिकल मुरलंय. डब्यातला रस औषधांवर टिकतो. अमेरिकेला जाणारा आंबा किरणोत्सर्गी असतो. आणि शेवटी सल्ला: आणल्या आणल्या भिजवा, फायटिक अ‍ॅसिड काढा, फ्रीजमध्ये टाका.

यात एक-दोन ठिकाणी खरं आहे, म्हणूनच तो मेसेज मरत नाही. पण आंब्याला 'काय लावलं' या एकाच प्रश्नाभोवती तो घुटमळत राहतो. आंबा गोड निघणार की आंबट, हे बरंचसं ठरतं तो झाडावरून कधी उतरवला यावर, आणि तो विषय मेसेजमध्ये येतच नाही.

आधी कार्बाईड, कारण ती भीती बिनबुडाची नाही. कॅल्शियम कार्बाईड म्हणजे वेल्डिंगवाल्यांकडचे करडे खडे; पूर्वी जत्रेतल्या गाड्यांवर याच खड्यांचे दिवे जळत. ओलावा लागला की त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो, उष्णता निघते आणि मागे चुना उरतो. अ‍ॅसिटिलीन फळाला पिकायला लावतो, पण खरा धोका त्याच्या सोबत्यांचा. औद्योगिक कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात आणि तेही वायूबरोबर बाहेर पडतात. आपल्याकडे या पद्धतीने फळं पिकवायला जुन्या भेसळ प्रतिबंधक नियमांतही बंदी होती आणि २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही आहे. तरीही कार्बाईड वापरलं जातं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पेटीत आंब्यांच्या मधे कागदी पुड्या, त्यात करडी-पांढरी राख आणि लसणासारखा उग्र वास, असं दिसलं तर ती पेटी घेऊ नये. 'सगळा आंबा' म्हणायला मात्र मेसेज कसलाच आधार देत नाही.

आता एथिलीन. हा वायू आंबा स्वतःच तयार करतो. हापूस, पायरी, केळं, चिकू, फणस ही सगळी तोडल्यानंतरही पिकणारी फळं, आणि त्यांच्या पिकण्याची किल्ली एथिलीनच्या हातात असते. कोकणात अढी घालतात तेव्हा दुसरं काय होतं? भाताच्या पेंढ्यात आंबे थरावर थर लावले की ऊब राहते, आंब्यांनी सोडलेलं एथिलीन कोंडलं जातं आणि आठ-दहा दिवसांत अढी सुटते. तांदळाच्या डब्यात आंबा खुपसून ठेवणारी आजी याच वायूवर भरवसा ठेवत होती, फक्त तिला नाव ठाऊक नव्हतं. रायपनिंग चेंबरमध्ये हेच बंद खोलीत, मोजून-मापून करतात: तापमान वीस अंशांच्या आसपास, हवा दमट, आणि एथिलीन. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१६ साली याची मर्यादा दहा लाखांत १०० भाग अशी ठरवून दिली. इथेफॉन या एथिलीन सोडणाऱ्या रसायनाच्या पुडीतून एथिलीन सोडायला परवानगी आहे, पण पुडी फळाला लागता कामा नये. इथेफॉनच्या पाण्यात आंबे बुडवून काढणं नियमात बसत नाही, आणि तसं कुठे चालत असेल तर त्यावर जरूर ओरडावं. चेंबरमधून आलेल्या आंब्याला मात्र कार्बाईडच्या पंगतीला बसवू नये.

पाण्याच्या बादलीचा प्रयोग या मेसेजमधला सर्वांत लोकप्रिय भाग. त्याचे व्हिडिओ निघतात, त्यात आंबा तरंगतो आणि घरातल्यांचे चेहरे पडतात. आंबा बुडतो की तरंगतो हे त्याच्या घनतेवर ठरतं. कोवळं फळ पाण्यापेक्षा हलकं असतं. झाडावर भरत गेलं, गरात पिष्ट साठलं की ते पाण्याहून जड होतं. हापूस तोडणीला आला की नाही हे ठरवायला फळशास्त्रातही हीच कसोटी वापरतात, १.०१ ते १.०२ विशिष्ट गुरुत्वाचा, म्हणजे पाण्याहून किंचित जड, आंबा तयार समजतात. थोडक्यात, बादली सांगते ती आंब्याची तयारी. कुठल्या वायूत पिकवला हे तिला कळायचा मार्गच नाही. पुरता तयार आंबा कार्बाईडमध्ये ठेवला तरी तो बुडेल आणि मेसेजच्या हिशेबाने 'नैसर्गिक' ठरेल. कोवळा आंबा मायेने अढीत घातला तरी तो तरंगेल आणि 'विषारी' म्हणून उकिरड्यावर जाईल. कोवळा माल घाईने पिवळा करायला कार्बाईडचा आधार घेतला जातो, त्यामुळे कधीमधी योगायोग जुळतो. तेवढ्यावर ही चाचणी तग धरून आहे.

पण या चुकीच्या चाचणीच्या तळाशी एक खरी गोष्ट आहे, म्हणून इथे जरा थांबतो. कोकणातला बागायतदार आंबा 'चौदा आणे' झाला की उतरवतो. रुपयाचे सोळा आणे, त्यातले चौदा, म्हणजे साधारण ८५ ते ८७ टक्के तयारी. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे वर येतात, देठाशी खळगा पडतो, गडद हिरवा रंग फिकट होऊ लागतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या नूतन झेल्याने, म्हणजे काठीला जाळी लावलेल्या साधनाने, तो देठासकट काढायचा, कारण देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो आणि काळे डाग पडतात. तयार आंब्यात पिष्ट भरपूर असतं आणि पिकताना त्याची साखर होते, आंबटपणा उतरतो, गर केशरी होतो. हापूसच्या सुगंधावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बरंच काम झालं आहे. तो खास वास देणारे लॅक्टोन आणि फ्युरॅनोन पिकण्याच्या काळातच वाढतात. बारा आण्यांवर तोडलेल्या फळात साखर व्हायला पिष्टच पुरेसं नसतं. त्याला कार्बाईड लावा, एथिलीन द्या की पेंढ्यात निजवा, साल पिवळी होईल, कोयीजवळ आंबट आणि कडकच राहील.

आणि कोवळा आंबा तोडला का जातो? हंगामाच्या सुरुवातीच्या पेटीला वाशीच्या घाऊक बाजारात जो भाव मिळतो, तो मे महिन्यात मिळत नाही. पाडव्याला आमरस हवाच, हा हट्ट आपला. दोष एकट्या अडत्याच्या माथी मारून आपल्याला सुटता येत नाही.

'आतून पांढरा निघाला तर केमिकल' हा दावा तर हापूस खाणाऱ्या माणसाने पुढे पाठवूच नये. बाहेरून देखणा, कापला की आत पांढरट, स्पंजासारखा, बेचव गर: याला साका म्हणतात. हा हापूसचा जुना आजार. त्यात ना बुरशी ना कीड. फळाच्या आतल्या घडामोडी बिघडतात. उन्हाचा आणि तापलेल्या जमिनीचा ताप हे त्याचं एक कारण मानतात, आणि फळ झाडावर असतानाच कोय रुजायच्या तयारीला लागते, हे दुसरं. बाहेरून तो ओळखू येत नाही, म्हणून बागायतदारही हात टेकतात. गंमत अशी की फळ झाडावर जितकं जास्त राहील तितका साक्याचा धोका वाढतो. चौदा आण्यांवर तोडण्यामागे हेही एक कारण आहे. म्हणजे ज्याला आपण सर्वांत 'नैसर्गिक' मानतो तो झाडावर पूर्ण पिकू दिलेला हापूसच आतून पांढरा निघण्याची शक्यता अधिक. याच दुखण्यावर उतारा म्हणून दापोलीने १९८१ साली नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' आणला. त्यात साका होत नाही. साक्याचा आंबा निघाला तर विक्रेत्याकडून बदलून मागावा, पण त्याला विषाचा व्यापारी म्हणू नये.

सालीवरचा पांढरट थर बहुतेक वेळा फळाचं स्वतःचं मेण असतं. बोटाने पुसलं की खालची साल चकाकते. द्राक्षांवर आणि जांभळांवर हेच दिसतं, तिथे मात्र आपण त्याला ताजेपणाची खूण म्हणतो. चुन्यासारखी खरखरीत भुकटी असेल तर गोष्ट वेगळी, आणि तीसुद्धा सालीपेक्षा पेटीच्या तळाशी आधी सापडेल. कार्बाईडची खात्रीशीर परीक्षा स्वयंपाकघरात होत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

भिजवण्याचा सल्ला मात्र चांगला आहे, फक्त त्याचं कारण चुकलंय. फायटिक अ‍ॅसिड हे धान्यांचं, कडधान्यांचं आणि बियांचं प्रकरण. आंब्याच्या गरात ते नगण्य, आणि मेणाच्या थरातून ते अर्ध्या तासात पाण्यात उतरेल ही कल्पनाही अजबच. पाण्यात जातो तो देठाशी वाळलेला चीक. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत. बिब्ब्याने अंग कसं उठतं हे ज्याने पाहिलं असेल त्याला चिकाची ताकद वेगळी सांगायला नको. काहींच्या ओठांवर, तोंडाच्या कडांना फोड येतात ते याच चिकामुळे, आणि दोष जातो आंब्याच्या 'उष्णते'ला. तेव्हा आंबा खुशाल भिजवावा, देठाची बाजू चोळून धुवावी आणि देठाकडचा पहिला रस पिळून टाकावा.

डब्यातल्या रसाबद्दल माझं मत मेसेजच्या अगदी उलट आहे. आमरस आंबट वर्गातला पदार्थ, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली. अशा पदार्थात बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जंतू वाढू शकत नाही. उरलेले जंतू आणि बुरशी उकळीच्या आसपासच्या उष्णतेत मरतात. रस तापवून डब्यात भरला, झाकण हवाबंद केलं, डबा पुन्हा तापवून थंड केला की नव्या जंतूला आत यायला वाट राहत नाही. यात औषध कुठेच लागत नाही. ही विद्या नवीनही नाही; निकोला अपेर या फ्रेंच माणसाने ती १८१० साली छापून जाहीर केली. रत्नागिरीतल्या ८५० ग्रॅमच्या डब्यावर बहुधा तीनच घटक असतात: हापूसचा गर, साखर, सायट्रिक आम्ल. परिरक्षक घातलं असेल तर ते लेबलवर लिहावं लागतं. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, २२४ म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. हे आकडे सापडतील ते जास्त करून स्क्वॅश आणि क्रशच्या बाटल्यांवर, कारण ती बाटली रोज उघडायची असते. आंबापोळी वर्षभर टिकली की आपण वहिनींच्या हाताचं कौतुक करतो आणि डबा टिकला की कारखान्यावर संशय घेतो. पोळीत पाणी उन्हाने काढलेलं असतं, डब्यात जंतू उष्णतेने मारलेले असतात, एवढाच फरक. एक काळजी मात्र घ्यायची: डबा उघडल्यावर रस काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा.

किरणोत्सर्गाचा मुद्दा वाशीत किंवा पुण्यात आंबा घेणाऱ्याला लागूच नाही. अमेरिकेने आपला आंबा अनेक वर्षं अडवून ठेवला होता तो किडींच्या भीतीने, विशेषतः कोयीत लपणाऱ्या भुंग्याच्या. २००७ साली दार उघडलं ते गॅमा किरणांच्या अटीवर, किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप). पहिली खेप गेली ती लासलगावच्या 'कृषक' केंद्रातून, जे उभारलं होतं कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचे किरण आंब्यातून आरपार जातात, कीड निर्जीव किंवा वांझ होते, आणि मागे आंब्यात काही उरत नाही. त्या किरणांत पदार्थाला किरणोत्सर्गी करण्याइतकी ऊर्जाच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने बसलेल्या तज्ज्ञ समितीने १९८१ च्या अहवालात १० हजार ग्रेपर्यंत किरण दिलेलं अन्न सुरक्षित ठरवलं होतं. न्यू जर्सीतल्या मराठी घरात पोहोचणाऱ्या आंब्याला द्यायचा किमान डोस त्याचा पंचविसावा हिस्सा आहे. तिथल्या लोकांची तक्रार असायला हवी ती किमतीबद्दल.

उरला फ्रीज. इथे मेसेजचा सल्ला ऐकणाऱ्याचं खरोखर नुकसान होतं. कच्चा किंवा अर्धवट पिकलेला आंबा साधारण १२-१३ अंशांखाली गेला की त्याला थंडी बाधते. साल करडी पडते, खड्डे येतात, आणि बाहेर काढल्यावरही तो नीट पिकत नाही; वासही धरत नाही. घरचा फ्रीज असतो चार-पाच अंशांवर. पाच डझनी पेटी आणून ती तशीच फ्रीजमध्ये कोंबणारा माणूस चांगल्या मालाची माती करतो आणि मग 'केमिकलचा आंबा दिला' म्हणून विक्रेत्याशी भांडतो. पेटी उघडून आंबे पेंढ्यावर किंवा कागदावर एका थरात मांडावेत, देठ खाली, वारा लागेल अशा जागी. रोज पाहावं, डागाळलेला आधी वेगळा करावा. देठाशी वास सुटला आणि अंगठ्याला जरा मऊ लागला की मगच फ्रीज, तोही चार-पाच दिवसांपुरता. खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवावा, कारण गारठलेल्या हापूसला वास येत नाही.