डिस्क बसवली म्हणून जुनी पद्मिनी निम्म्या अंतरात थांबत नाही

जुन्या मोटारींच्या हौशी मालकांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीच्या चारही चाकांवरचे ड्रम ब्रेक मुळातच कमजोर आहेत, पुढे डिस्क बसवली की गाडी निम्म्या अंतरात थांबते, त्यासाठी दुसरे काही बदलावे लागत नाही, मागेही डिस्क बसवली तर उत्तमच, आणि सिलिकॉनचे ब्रेक ऑइल एकदा भरले की ते बदलण्याची कटकट कायमची संपते. यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही, आणि दोन तर जिवावर बेतू शकतात. (ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमला आतून 'शू' नावाच्या कमानदार पट्ट्या दाबतात; डिस्क ब्रेकमध्ये फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी 'पॅड' चिमटतात.)

पहिल्यांदा निम्म्या अंतराचे पाहू. ब्रेक चाकाला रोखतो. गाडीला रोखते ती टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणगुणांक, म्हणजे या पकडीचे माप, ०.७ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबायला सुमारे २० मीटर लागतात, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर त्या सेकंदात गाडी आणखी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. सुस्थितीतले ड्रम ब्रेक या वेगाला चाक जाम करू शकतात, आणि जे ब्रेक चाक जाम करू शकतात त्यांच्या जागी कोणतेही ब्रेक बसवले तरी ते २० मीटर १० होणार नाहीत. हे अंतर खरोखर कमी करायचे असेल तर आधी टायर पाहावेत. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो, त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. क्वचितच बाहेर निघणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेले असते.

ड्रम कमजोर असतात, हे तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने दाबला जाणारा शू ड्रमबरोबर ओढला जातो आणि स्वतःच अधिक घट्ट बसतो, त्यामुळे पायाच्या जोराला यंत्रणेतूनच हातभार लागतो. डिस्कच्या पॅडला ही मदत मिळत नाही. म्हणूनच डिस्कला तेलाचा दाब जास्त लागतो आणि म्हणूनच बहुतेक डिस्कवाल्या मोटारींना पायाचा जोर वाढवणारा बूस्टर असतो.

मग डिस्क आली कशासाठी? याचे उत्तर १९५३ च्या ल मान शर्यतीत मिळते. जग्वारची सी-टाइप त्या वर्षी डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली, आणि चोवीस तासांच्या त्या शर्यतीत ताशी सरासरी १०० मैलांचा टप्पा प्रथमच ओलांडला गेला. तिथे प्रत्येक फेरीत लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटी प्रचंड वेग उतरवावा लागे. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, पेडल खोल जाऊ लागते, आणि शूवरच्या घर्षण-थराची, म्हणजे लायनिंगची, पकडही घटते. डिस्क उघड्यावर असल्याने लवकर निवते आणि तापली तरी पॅडपासून दूर जात नाही. म्हणजे डिस्कचा गुण एकदाच करकचून थांबण्यात नाही, तो पुन्हा पुन्हा थांबण्यात आहे. बोरघाटाचे उदाहरण घ्या. माणसे आणि सामान धरून १,२०० किलो वजनाची गाडी खंडाळ्याहून सुमारे ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा साधारण ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते; तेवढ्या उष्णतेत १७ लिटर गार पाणी उकळीला येईल. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवली तर यातला बराच भार इंजिन उचलते. न्यूट्रलमध्ये सोडली तर जवळजवळ सगळा ब्रेकवर पडतो.

पावसाळ्यातही डिस्क सरस आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तुंबलेल्या रस्त्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी राहते, आणि ब्रेक हलका दाबून थोडे अंतर गेल्याशिवाय तो पूर्ववत होत नाही.

'दुसरे काही बदलावे लागत नाही' हे मात्र सर्वांत घातक विधान आहे. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला तेल जास्त लागते, आणि पेडलच्या जोराने तेल ढकलणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरने ते पुरवता पुरवता पेडल तळाला जाऊ शकते. म्हणून पाऊण इंच व्यासाऐवजी सात अष्टमांश इंच व्यासाचा सिलिंडर लावला, तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याच दाबासाठी पायालाही ३६ टक्के अधिक जोर द्यावा लागतो. त्याशिवाय ड्रमसाठी बनवलेल्या अनेक मास्टर सिलिंडरांत नळीत थोडा दाब कायम राखणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात. एका स्नेह्यांनी त्यांची डिस्क बसवून आणलेली गाडी मला दाखवली, तेव्हा दहा-बारा किलोमीटरच्या शहरी फेरीनंतर पुढच्या चाकांना हात लावता येत नव्हता, आणि कारण तो व्हॉल्व्हच निघाला.

मागच्या डिस्कबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ती बसवू नये. ब्रेक लागताच वजन पुढे सरकते. पद्मिनीच्या दोन आसांमधले अंतर २,३४० मिलिमीटर आहे. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच धरला, तर जोरदार ब्रेकमध्ये एकूण वजनापैकी सुमारे १५ टक्के पुढच्या चाकांवर जाते. हलक्या झालेल्या मागच्या चाकांना जादा ब्रेक मिळाला की ती आधी जाम होतात, त्यांची बाजूची पकड सुटते आणि गाडी गिरकी घेते. शिवाय हँडब्रेकची सोय नसलेला कॅलिपर लावला तर हँडब्रेकही जातो.

सिलिकॉनचे तेल म्हणजे डॉट ५. ते पाणी शोषत नाही हे खरे, पण त्यामुळे आत शिरलेले पाणी खालच्या भागात साचते, तिथे गंज धरतो आणि तापल्यावर त्याची वाफ होते. डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये ते मिसळायचे नसते. दर दोन वर्षांनी डॉट ४ बदलून नीट एअर काढून घेणे हाच बरा मार्ग.

ज्यांच्या गाडीत अधिक ताकदीचे इंजिन बसले आहे किंवा ज्यांचे घाटांतून नित्य येणे-जाणे आहे, त्यांनी पुढे डिस्क अवश्य बसवावी, मात्र जुळणारा मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि मागचा दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह यांच्यासह. इतरांच्या गाडीत ब्रेकचे एकच सर्किट, म्हणजे चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असेल, तर त्यांनी तोच खर्च दुहेरी सर्किटच्या मास्टर सिलिंडरवर करावा. एकेरी सर्किटमध्ये एक होज पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. दुहेरीत निदान एक जोडी हाती उरते.